एकसष्टचे एक्याण्णव

हे सांगायचं मी पाच वर्षं टाळलं. टाळायला फारसे कष्टही पडले नाहीत, कारण कुणी विचारलंच नाही. उलट सत्कार होत राहिले. मागच्या महिन्यात महाविद्यालयाची स्मरणिका घरी आली. तिच्यात माझा शाल पांघरलेला फोटो आहे आणि खाली छापलंय की, आपल्या या जंगलपट्ट्यात कृत्रिम बुद्धिमत्ता आणणारे पहिले शिक्षक हेच. बायको म्हणाली, "फोटो चांगला आला." मी स्मरणिका कपाटात टाकली. दोन दिवसांनी काढून पुन्हा वाचली आणि मग वही घेऊन बसलो. फोटोखालचा मजकूर खोटा आहे. आधी तो कसा खोटा आहे ते सांगतो, म्हणजे पुढचं सांगणं सोपं जाईल.

मी बल्लारपूरचा. वडील कागद कारखान्याच्या बांबू यार्डात होते. आमच्या वस्तीतून एम.कॉम. झालेला पहिला मी. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सीमेवरच्या एका तालुक्याच्या गावी तीस वर्षं वाणिज्य शिकवलं आणि त्यातही सांख्यिकी. नाणं उडवलं तर काटा येण्याची शक्यता किती, फासा टाकला तर सहा पडण्याची किती. ही नाणी आणि हे फासे मी इतकी वर्षं फळ्यावर उडवले की झोपेतही सांगितलं असतं. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

निवृत्त झालो आणि वर्षभरात प्राचार्यांचं बोलावणं आलं. बीबीएला, म्हणजे व्यवसाय प्रशासनाच्या पदवीला, तिसऱ्या वर्षी नवा विषय आला होता : व्यवसायासाठी मशीन लर्निंग आणि कृत्रिम बुद्धिमत्ता. शिकवायला माणूस नव्हता.

"भाऊ, तुम्ही सांख्यिकी शिकवली ना?" प्राचार्य म्हणाले.

"शिकवली."

"मंग झालं. हे तेच हाये. फक्त नाव मोठं केलं त्यायनं."

"मला कॉम्प्युटरचं काही येत नाही."

"पोरायले तरी कुठी येते? तासिका तत्त्वावर या. तुमचं नाव राहीन, आमचा तास भरन."

नाव राहील म्हणाले, म्हणून मी गेलो. निवृत्त शिक्षकाला दुसरं काय हवं असतं? सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून कुठेतरी जायला मिळावं आणि वाटेत चार जणांनी नमस्कार करावा.

त्या विषयाचं शिक्षण आमच्याकडे कसं चालायचं ते लिहून ठेवायला हवं, कारण बाहेर फार भाषणं चालतात. प्रयोगशाळेत वीस संगणक होते. त्यांना कायम कापडी झबली घातलेली असायची. दसऱ्याला त्यांची पूजा व्हायची, तेवढा एक दिवस ते उघडे. मी पुस्तकातून व्याख्या सांगायचो, मुलं लिहून घ्यायची. 'यंत्राला पुष्कळ उदाहरणे दाखवली असता ते नवे उदाहरण ओळखू लागते, यास यंत्रशिक्षण म्हणतात.' लिहा. खाली रेघ मारा. पुढचं. एका मुलानं एकदा विचारलं, "सर, पण ते ओळखते कसं?" मी म्हणालो, "परीक्षेत तेवढं विचारत नाहीत." वर्ग हसला. मलाही आपण हजरजबाबी आहोत असं वाटलं.

वर्षाअखेरीस प्रत्येकानं एक प्रकल्प करायचा असे. प्रकल्प बसस्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे तयार मिळत. तो विचारायचा, "घराच्या किमतीवाला पाहिजे का जहाजवाला?" पहिल्यात अमेरिकेतल्या कुठल्याशा शहरातल्या घरांच्या किमती यंत्रानं सांगायच्या. दुसऱ्यात शंभर वर्षांपूर्वी बुडालेल्या जहाजावरचा कोणता प्रवासी वाचला असता ते ओळखायचं. आमच्या दुपारच्या गाडीचा नेम नव्हता, ती येणार की नाही हे कंडक्टरलाही माहीत नसे. पण त्या जहाजावर कोण तरंगलं असतं, ते आमची पोरं अठ्ठ्याण्णव टक्के अचूक सांगत. स्पायरल बाइंडिंग, वर प्लास्टिकचं कव्हर, पहिल्या पानावर माझे आभार.

शेवटच्या पानावर यंत्राची अचूकता टक्क्यांत दिलेली असे. आणि मी, तीस वर्षं सांख्यिकी शिकवलेला मनुष्य, त्या टक्क्यांना मार्क समजत होतो. अठ्ठ्याण्णव अचूकता, म्हणजे प्रकल्प अठ्ठ्याण्णवच्या लायकीचा. नव्वद, म्हणजे जरा कमी मेहनत. त्या हिशेबानं मी गुण दिले. दोन वर्षं दिले. कुणी हरकत घेतली नाही, कारण प्राचार्यही तसंच समजत होते आणि झेरॉक्सवाला तर आमच्याही पुढे होता. तो म्हणायचा, "सर, सत्त्याण्णवच्या खाली मी छापतच नाई. पोरायचं नुकसान काऊन करायचं?"

तिसऱ्या वर्षी ती मुलगी आली.

ती हेमलकशाच्या वाटेवरच्या एका गावातली, घरी गोंडी बोलणारी. वर्गात दुसऱ्या बाकावर बसायची. व्याख्या लिहून घ्यायची, पण रेघ मारायची नाही. सप्टेंबरातच माझ्याकडे आली. म्हणाली, "सर, मी प्रकल्प मोहफुलांवर करू का?"

"मोहफुलांवर? हा बीबीएचा विषय आहे, बाई, वनस्पतिशास्त्राचा नाही."

"धंद्याचाच हाये, सर. आमची माय फुलं सुकवून बाजारात नेते. व्यापारी म्हणते, ओली हायेत, खराब माल. माय म्हणते, सुकली. कोण बरोबर ते सांगाले कोणीच नसते. मोबाईलनं फोटो काढला अन् त्यानं सांगितलं, चांगली हायेत, तं व्यापाऱ्याले मानावं लागन ना?"

मी 'बघू' म्हणालो. आमच्याकडे बघू म्हणजे नाही. तिनं हो समजलं.

आदल्या उन्हाळ्यातच तिनं फोटो काढायला सुरुवात केली होती, हे मला नंतर कळलं. चटईवर वाळत घातलेल्या फुलांचे दीडेक हजार फोटो. प्रत्येक फोटोतलं फूल तिच्या आईनं बोटांत दाबून, हुंगून सांगितलं होतं : चांगलं, मध्यम की खराब. मग तेच काकूनं सांगितलं आणि शेजारच्या म्हातारीनं. यंत्राला शिकवायचं काम तिनं मोबाईलवर, फुकट मिळणाऱ्या साधनांवर केलं. गावात रेंज नसे, म्हणून रविवारी ती तालुक्याला येऊन पंचायत समितीच्या पायऱ्यांवर बसायची. मी भाजी घेऊन जाताना तिला तिथे दोनदा पाहिलं. पोरगी मोबाईलमध्ये डोकं घालून बसलीय, असं मनात आलं आणि घरी येऊन बोलूनही दाखवलं.

फेब्रुवारीत तिनं अहवाल आणून दिला. मी सवयीनं शेवटचं पान उघडलं. अचूकता : एकसष्ट टक्के.

वर्ग भरलेला होता. मी तो कागद वर धरला आणि म्हणालो, "अभिनंदन! तुझं यंत्र कसंबसं फर्स्ट क्लासात पास झालं."

काय हसली पोरं! जहाजवाले, घरवाले सगळे. ज्यांनी आयुष्यात एक फोटो काढून यंत्राला दाखवला नव्हता, ते बाक वाजवत होते. ती मात्र उभी राहिली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "सर, तीनपैकी एक ओळखायचं हाये. काहीच न शिकता नुसतं अंदाजपंचे सांगितलं, तं तीनदा सांगितल्यावर एकदा बरोबर येते. म्हणजे तेहतीस. त्याच्यावरून एकसष्टवर आलं, सर. अन् आमची माय अन् काकूचंही दर फुलावर जमत नाई."

फासा टाकला तर सहा पडण्याची शक्यता किती? सहांत एक. तीस वर्षं. आणि समोर एक पोर तीनांत एक म्हणत होती, ते माझ्या टाळक्यात शिरलं नाही. मी म्हणालो, "बस खाली. सबबी नको."

अहवालाच्या शेवटून दुसऱ्या पानाचं शीर्षक होतं 'यंत्र कुठे चुकते'. ते पान आज माझ्यासमोर आहे. तिच्या शब्दांत उतरवतो : 'झाडाच्या सावलीत काढलेल्या फोटोत यंत्र खराब फुलाला चांगले म्हणते. सकाळच्या दवात चांगल्याला मध्यम म्हणते. तीन बायांचे ज्या फुलांवर एकमत होते, तिथे यंत्र कमी चुकते. ज्यांवर त्यांचे भांडण झाले, तिथे यंत्रही गोंधळते. यंत्राला वास येत नाही, हे त्याचे मोठे उणे आहे. पुढच्या उन्हाळ्यात फोटो एकाच वेळी, उन्हात काढावे लागतील.' एवढंच. मी पस्तीसेक वर्षांत तपासलेल्या वह्यांमध्ये, अहवालांमध्ये कुणी स्वतःच्या चुकांचं असं पान लिहिलेलं मला आठवत नाही. मीही लिहिलेलं नाही. हेच पहिलं.

त्याच महिन्यात पत्र आलं. प्रत्येक महाविद्यालयानं एक प्रकल्प चंद्रपूरला पाठवायचा, तिथे मुलाखत होणार आणि निवडलेल्या एका विद्यार्थ्याला पुण्याच्या एका संस्थेत याच विषयाच्या पुढच्या शिक्षणाची जागा, राहण्या-जेवण्यासकट. अट अशी की विषय स्थानिक हवा. अमेरिकेतली घरं आणि बुडालेलं जहाज एका झटक्यात बाद झाले. उरली मोहफुलं.

ती मला व्हरांड्यात भेटली. एवढी आनंदलेली मी तिला पाहिली नव्हती. "सर, जागा भेटली तं मी दोन वर्षांत यंत्राले नीट शिकवीन. मायले सांगून आली मी. ती म्हणे, पुणे हेमलकशापेक्षा दूर हाये का?"

प्राचार्यांचा चेहरा मात्र उतरला होता. "एकसष्टचं यंत्र घेऊन जाता का चंद्रपूरले? बाकीचे पंच्याण्णव, शहाण्णव घेऊन येतीन. आपली इज्जत काय राहीन?"

"आकडा बदलायला मुलगी तयार नाही," मी म्हणालो. खरं तर मी तिला विचारलंच नव्हतं.

"तिले काऊन विचारता? मार्गदर्शक कोण हाये? तुम्ही का ती?"

ती मोहाच्या हंगामासाठी गावी गेली होती. अहवाल पेन ड्राइव्हमध्ये माझ्याकडे होता. मी बसस्टँडसमोर गेलो. झेरॉक्सवाल्यानं फाइल उघडली आणि विचारलं, "किती करू, सर?" चहा कसा करू विचारावं, तसं. मी म्हणालो, "एक्याण्णव. फार नको, खरं वाटलं पाहिजे." खोट्यातही मी माफक राहिलो. तो म्हणाला, "अन् हे चुकायचं पान? हे राह्यलं तं हसतीन ना लोक." मी म्हणालो, "काढून टाक." जुन्या प्रतीतलं ते पान मी का कोण जाणे घडी घालून खिशात ठेवलं. नवा अहवाल बांधला, सही केली, पाठवून दिला. मनाशी म्हणालो, पोरीचं भलं केलं. हे मनाशी म्हणालो, हेही इथे नोंदवून ठेवतो.

मुलाखतीला मी सोबत गेलो. ती परस्पर गावाहून आली होती, हातात कापडी पिशवी. टेबलावर तिनं मोहफुलांचे तीन लहान ढीग मांडले. परीक्षक तिघं होते. दोघं पेंगणारे. तिसऱ्या पुण्याच्या मॅडम, तरुण, विषय कळणाऱ्या. त्यांनी एक फूल उचललं, दाबलं, हुंगलं. "हे कुठलं? चांगलं?"

"मध्यम, मॅडम. चांगलं असं चिकटत नाई बोटाले."

मॅडम हसल्या. विचारत गेल्या, ती सांगत गेली. सावली, दव, आईचं आणि काकूचं भांडण. मॅडमनी खुर्ची पुढे ओढली होती. पेंगणाऱ्यांतला एक जागा झाला होता. मी मागे बसून गुरूसारखा चेहरा करून ऐकत होतो.

"बरं, अचूकता किती आली?"

"एकसष्ट, मॅडम."

मॅडमनी अहवाल उघडला. "इथे एक्याण्णव आहे."

तिनं वाकून पाहिलं. "हे मी नाई लिहिलं."

"नाव तुझं आहे अहवालावर."

"मॅडम, शेवटून दुसरं पान पाहा. त्यात चुका लिहिल्या हायेत सगळ्या." मॅडमनी पान उलटलं. पुन्हा उलटलं. ते पान तिथे नव्हतंच. ते माझ्या शर्टाच्या खिशात होतं, त्या दिवशीच्याच शर्टाच्या.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "सर, मार्गदर्शक तुम्ही ना? हा आकडा कुठून आला?"

मुलगीही माझ्याकडे पाहत होती. तिच्या नजरेत संशय नव्हता. सर आता सांगतील, अशी नजर होती. सात-आठ शब्दांचं काम होतं. मी म्हणालो :

"मुलं शेवटच्या दिवशी काय काय बदलून आणतात, मॅडम. आम्हाला कुठे कळतं!"

आणि हसलोसुद्धा थोडं, दोन मोठी माणसं मुलांबद्दल बोलताना हसतात तसं.

मॅडमनी अहवाल मिटला. तिला म्हणाल्या, "एकसष्ट चाललं असतं गं. मी तेच घेतलं असतं. पण बनवलेला आकडा नाही चालत." कागदावर त्यांनी काहीतरी लिहिलं आणि पुढच्या मुलाला बोलावलं. तिनं तिन्ही ढीग पिशवीत भरले, एकमेकांत मिसळू न देता, तीन वेगळ्या पुड्या बांधून.

परतीच्या बसमध्ये ती माझ्या पुढे तीन बाकं होती. गोंडपिपरीला बस थांबली तेव्हा मागे येऊन तिनं एकच विचारलं. "सर, ते पान कुठी हाये?"

"मला काय माहीत," मी म्हणालो.

ती जागेवर जाऊन बसली. माझ्या मते तिला तेव्हाच सगळं कळलं. प्राचार्यांना कळलं ते निराळंच. "पोरीनं नाव घालवलं आपलं," ते म्हणाले. त्यावर मी 'हो' म्हणालो. मुलाखतीपासूनचं हे तिसरं खोटं.

ती पदवी घेऊन गेली. आता हैदराबादला एका कचेरीत आहे, असं कळतं. दिवसभर पडद्यावर परदेशी रस्त्यांचे फोटो येतात. त्यांतल्या गाड्यांभोवती, माणसांभोवती चौकटी आखायच्या, म्हणजे कुणा दुसऱ्याचं यंत्र शिकतं. ज्यांना व्याख्याही येत नव्हती, ते जहाजवाले आज आमच्या भागात एआयचे क्लास काढून बसले आहेत आणि उद्घाटनाला मला बोलावतात. मी जातो. नारळ फोडतो.

दर रविवारी विहारात पंचशील म्हणतो. चौथं शील खोटं न बोलण्याचं. त्या ओळीला माझा आवाज खाली जातो. शेजारचे समजतात, वय झालं. जयंतीला पोरांसमोर शिक्षणावर भाषण करायचो, ते दोन वर्षांपूर्वी सोडलं. त्यालाही वयाचं कारण दिलं.

या उन्हाळ्यात मी तिच्या गावी गेलो. पान खिशात होतं. बसमध्ये वाक्य पाठ करत गेलो, परीक्षेला जाणारं पोर करतं तसं. तिची आई अंगणात चटईवर फुलं पसरत होती. मी कोण ते सांगितलं, तर तिनं घाईघाईनं हात पुसले आणि खाट टाकली.

"सर, तुमीच शिकवले ना तिले? ती बोलते तुमच्याबद्दल."

"काय बोलते?"

"म्हणते, सरायनं मले मोहावर करू देलं."

मी खिशातलं पान चाचपलं. आईनं तेवढ्यात मोबाईल काढला, नंबर लावला आणि माझ्या हातात दिला. "बोला. सुट्टी हाये तिची आज." फोनवर ती आली. "बोला ना, सर." मी मोबाईलकडे पाहिलं. गावात आता टॉवर झालाय, रेंज पूर्ण होती. तेवढी सबबही मिळाली नाही.

मी विचारलं, "तब्येत कशी आहे?"

"बरी हाये, सर. तुमची?"

"बरी आहे."

ती वाट पाहत होती, तिच्या श्वासावरून मला कळत होतं. मी फोन तिच्या आईच्या हातात दिला. निघताना आईनं ओंजळभर फुलं रुमालात बांधून दिली. एक फूल मी बोटात दाबलं, हुंगलं. चांगलं, मध्यम की खराब, मला सांगता आलं नसतं.

पान परत माझ्यासोबतच आलं. बसमध्ये पाठ केलेलं वाक्य लहान होतं : तो आकडा मी बदलला, तुझं पान माझ्याकडे आहे, तुझं एकसष्टच बरोबर होतं, मला माफ कर.